काउंटरवरचं तोंड

लाँड्रीत तिला सगळे डागवाली म्हणत. शाईचा असो, तेलाचा असो, नाहीतर रक्ताचा, डाग पडलेला कपडा तिच्याच हातात यायचा. कोणी ब्रश घासताना दिसलं की ही खेकसलीच, "चोळू नका हो! टिपा!" दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्याच दोन्ही गालांवर वांगाचे डाग उमटले आणि तिच्या नावाला नवा अर्थ आला. मेल्या हसणाऱ्यांना तेवढंच हवं होतं.

मालकीणबाईंनी तर तिला काउंटरवरून उठवलंच. "गिऱ्हाईक तोंड बघून कपडे टाकतं. डाग काढायचं दुकान आपलं, आणि बसलेली बाईच डागाळलेली? तू आपली मागे वाफेच्या इस्त्रीवर उभी राहा."

काउंटर म्हणजे काय, तर एक स्टूल, वर पंखा आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द. मागे मात्र दिवसभर तोंडावर गरम वाफ आणि पोटऱ्यांचे नुसते दगड. तिला तिचं स्टूल परत हवं होतं, बस्स.

नणंदेचं पार्लर होतं. दुसऱ्याच्या दुखण्यात त्या बयेला फक्त गिऱ्हाईक दिसायचं. तिने एक बिनलेबलाची डबी पुढे केली. "रात्री लाव वहिनी, चांगली चोळून जिरव." आणि आयुष्यभर लोकांवर खेकसलेली ही बाई आरशासमोर गाल चोळत बसली! डाग फिके पडले, हे खरं. मालकीणबाईंनी स्टूल परत दिलं, वर नणंदेचा पत्ताही मागून घेतला.

पुढे गाल लालभडक झाले, पुटकुळ्या आल्या, जरा ऊन लागलं की आग आग. डाग पहिल्यापेक्षा गडद झाले, आणि ही परत वाफेपाशी. नणंदेला जाब विचारला, तर नाक मुरडून म्हणते कशी, "तुझीच कातडी नाजूक, त्याला मी काय करू?" हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी तिने त्वचेच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी डबी उघडून पाहिली. "यात स्टिरॉइड असणार. मी सांगेन तशी ही बंद करायची. रोज सनस्क्रीन, बाहेर पडताना छत्री, आणि कातडी शांत झाली की रात्री एक सौम्य मलम देईन."

"लेसरने काढून टाका ना एकदाचे!"

"इतक्या चिडलेल्या कातडीवर? आणखी काळं पडेल. वांगाचे डाग हळूहळू फिके होतात, आणि जपलं नाही तर परत येतात. काम काय करता?"

"वाफेची इस्त्री."

"मग आधी तिच्यापासून लांब व्हा. गरमीने हे वाढतं."

तिने हे मालकीणबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या. "वाफेने म्हणे तोंड काळं होतं! आधी तोंड नीट कर, मग काउंटरचं बघू."

वाफ सोडल्याशिवाय तोंड नीट होणार नाही, आणि तोंड नीट झाल्याशिवाय वाफ सुटणार नाही. दात-ओठ खात ती इस्त्री करत राहिली. मालकीणबाईंचा चेहरा मात्र हल्ली नको तितका उजळत चालला होता. एकदा त्यांच्या उघड्या पर्समध्ये तीच बिनलेबलाची डबी दिसली. 'फेकून द्या ती, बाई,' हे शब्द अगदी ओठांवर आले. तिने ते गिळले. बघू दे तिलाही, म्हणाली मनात.

एका सकाळी मालकीणबाई मागच्या दाराने आल्या, तोंडाला ओढणी गुंडाळून. ओढणीतून लाल गाल दिसत होता.

"ती तुझी डॉक्टरीण कुठे बसते गं?"

"सांगते की. पण आज काउंटरवर कोण बसणार? गिऱ्हाईक तोंड बघून कपडे टाकतं."

मालकीणबाईंनी मान खाली घालून दुकानाच्या किल्ल्या तिच्यापुढे धरल्या. ती आपले डाग घेऊन सरळ पुढे गेली आणि स्टुलावर बसली. मालकीणबाई लपायला म्हणून वाफेच्या इस्त्रीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वाफ थेट त्यांच्या तोंडावर येत होती.

या वेळी तिने गिळलं नाही. "वाफेने वाढतं ते! सांगितलं होतं ना तुम्हाला?"

मालकीणबाईंनी झटकन हात पुढे केला आणि वाफ बंद केली.

इतकं सोपं होतं ते.