चाळ बांधून आलेली खुनी

टीव्हीवर माझे पाय पहिल्यांदा दिसले, ते एका खुनी म्हातारीचे पाय म्हणून.

रविवारची दुपार होती. कळसला, माझ्या सासरी, सोप्यात टीव्हीसमोर माणसं दाटीवाटीनं बसली होती. माझे सासरे, आबा, यांनी सकाळीच भावकीत सांगून ठेवलं होतं की सूनबाईनं काम केलेला पिक्चर लागणार आहे. नाच म्हटलं की ज्यांच्या कपाळाला आठी पडायची, त्यांनी आपण होऊन सांगितलं, म्हणून मी सकाळपासून हवेतच होते. सासूबाईंनी पातेलंभर चिवडा केला होता. पडद्यावर अंधारी बोळ आली, छुम छुम आवाज आला आणि चाळ बांधलेले दोन पाय एका झोपलेल्या मुलीच्या खाटेकडं चालत निघाले. उजव्या अंगठ्याशेजारी, लहानपणी उसाच्या फडात लागलेल्या कोयत्याचा व्रण.

"अगं बया, ह्ये तर आपल्या सुनेचं पाय!" सासूबाई खुशीत ओरडल्या.

पुढच्याच क्षणाला त्या पायांच्या मालकिणीनं त्या मुलीचा गळा आवळला. आबा उठून गोठ्याकडं निघून गेले.

आम्ही बारामतीत राहतो; तिथंच भिगवण रस्त्याला, एका खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा लावणीचा क्लास आहे. मी शिकले ते इंदापूरला. माझं माहेर शेळगाव. कॉलेजला इंदापूरला जायचे तेव्हा तिथल्या एका बाईंकडे जाऊ लागले. बाईंनी तरुणपणी तमाशाच्या फडात नाव कमावलं होतं. गुडघे गेल्यावर त्या इंदापूरला स्थायिक झाल्या आणि येईल तिला शिकवू लागल्या. खुर्चीत बसून काठीनं फरशीवर ठेका धरायच्या. तोंड फटकळ, पण शिकवताना हात कधी आखडता घेतला नाही. माझ्या हातात जे काही आहे ते त्यांचं.

एका वाहिनीला टीव्हीपुरताच एक सिनेमा काढायचा होता. रहस्यकथा, लावणीच्या जगातली. दिग्दर्शक क्लासवर आला. तरुण, गोड बोलणारा. नायिका शहरातली, तिला लावणी येत नव्हती. तिला मी शिकवायचं आणि जिथं नुसते पाय दिसतात तिथं माझे पाय द्यायचे, असं ठरलं. बोलता बोलता त्यानं विचारलं, "तुम्ही कुणाकडे शिकलात?" मी बाईंचं सांगितलं, तर म्हणाला, मला भेटायचंच त्यांना.

बाईंना पाहुण्यांचा सोस. त्यांनी चहा केला, पानाचा डबा उघडला, खुर्चीत बसून त्याला सगळं दाखवलं. मुलीनं उभं कसं राहायचं, पदर कुठं धरायचा, नजर कधी वर न्यायची. तो फोनवर सगळं टिपत होता. बाईंची काठी, पानाचा डबा, कुंकवाची आडवी चिरी, सगळं.

"गोष्ट काय हाय पण?" बाईंनी विचारलं.

"गुरू आणि शिष्येची आहे, बाई."

"मग चांगली हाय," बाई म्हणाल्या आणि त्याला आणखी चहा ओतला.

शूटिंग एका जुन्या गोदामात झालं. नायिका स्वभावानं बरी होती, पण तिला सरावाला वेळच दिला नाही. गिरकी घेताना ती भोवंडायची आणि दिग्दर्शक म्हणायचा, चालेल, आपण कापून घेऊ. एकदा त्यानं मला चाळ बांधून बोळीतून हळू चालायला लावलं. कशासाठी, म्हणून विचारलं तर म्हणाला, "वातावरणासाठी." मी चालले.

आणि वातावरण ते असं निघालं. सिनेमात एक ओसाड हवेली. तिथं एक म्हातारी लावणी शिकवते. काठी आपटते, पान खाते, आडवी चिरी लावते. एकेक शिष्या मरत जाते. मारणारा पांढरा मुखवटा घालून येतो आणि तो येण्याआधी चाळ वाजतात. नायिका म्हणजे वेषांतर केलेली पोलीस. शेवटी मुखवटा निघतो, खाली म्हातारी. का मारते? तर पोरी आपल्यापेक्षा चांगल्या नाचतात म्हणून. मग नायिका तिला बेड्या घालून गॅलरीत उभी राहते आणि म्हणते, या घुंगरांनी कितीतरी आयुष्यं नासवली.

वाईट म्हणजे किती वाईट असावा एखादा सिनेमा? खुनी कोण ते सासूबाईंच्या शेजारणीनं पहिल्या जाहिरातीआधीच सांगितलं होतं. ढोलकी एका लयीत, पाय दुसऱ्या. चालताना म्हातारी लंगडते, पण पायांचं चित्र आलं की पाय माझे, चाळिशीतले, ताठ. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

पण सोमवारी आबा उसाच्या कामाला कारखान्यावर गेले. तिथं कुणीतरी म्हणालं, "आबा, सुनेला सांभाळून ऱ्हावा, गळा धरंल." चारचौघे हसले. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"त्यो क्लास बंद करायचा."

"का, आबा?"

"मला इचारतीस? लोकं दात काढत्यात. नाचणारीचं घर म्हणत्यात."

"पिक्चर खोटा हाय, आबा. क्लास खरा हाय. बंद करायचा तर पिक्चर बंद करा म्हणावं."

"उलटं बोलू नगं."

"उलटं न्हाय, सरळच बोलतीया. मी न्हाय बंद करायची."

त्यांनी फोन ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना असं तोंडावर नाही म्हटलं होतं. मन एकदम हलकं झालं.

त्या आठवड्यात काही मुली यायच्या थांबल्या. एकीची आई मात्र स्वतः जिना चढून आली. बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान. म्हणाली, "मॅडम, माझ्या सासूबाई म्हणत्यात, टीव्हीत बघून पोरीला काढायचं असंल तर आधी टीव्हीच काढा घरातनं. आमची येणार." त्या माऊलीला मी कडकडून मिठी मारली.

मला खरी धास्ती होती ती बाईंची. त्यांनी पाहिला असेल का? इंदापूरला गेले तर बाई दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "बघितला."

मी खाली मान घालून बसले. डोळे भरून आले.

"रडतीस काय? मला एक सांग. खून करायला जाताना चाळ बांधून कोण जातं गं?"

मी वर पाहिलं. बाईंचा चेहरा गंभीर होता.

"एवढं किलोभराचं वजन पायात. अर्ध्या गल्लीला जाग यायची. आणि ती पोरगी आपली झोपलेलीच! बहिरी हुती का?"

मला हसू फुटलं. बाईही हसल्या, पण लगेच थांबल्या. शेंगांची टरफलं सुपाच्या कडेला सारत म्हणाल्या, "माझ्या पोरी माझ्यापेक्षा चांगल्या नाचल्या म्हणून मी गळं दाबलं असतं, तर तू आज हितं बसली नसतीस. माझ्या हातचा चहा पिऊन गेला त्यो. मला इचारायचं तरी, बाई, तुमाला खुनी करू का?"

त्यांचा आवाज कापला होता. इतक्या वर्षांत मी तो कधी कापलेला ऐकला नव्हता.

पंधरवडाही झाला नसेल, दिग्दर्शकाचा फोन. सिनेमा म्हणे पुष्कळ लोकांनी पाहिला, दुसरा भाग काढायचा आहे. जाहिरातीसाठी बारामतीत एका मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवलाय, नायिका येणार. तुमच्या मुलींनी पांढरे मुखवटे घालून तिच्या मागे नाचायचं. शेवटी एखादी म्हातारी काठी टेकत येईल, लोक घाबरतील, मजा येईल.

मी नाही म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं. पण म्हटलं, उद्या सांगते, आणि बाईंना फोन लावला.

"हो म्हण. म्हातारी पाहिजे न्हवं त्याला? मी येते."

मुलींच्या आयांना मी क्लासवर बोलावलं आणि काय करणार ते उघड सांगितलं. ज्यांना नको त्यांनी पाठवू नका, राग नाही. दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. कुणी नायिकेला बघायला, कुणी फुकट म्हणून. मी घरी निमंत्रण पाठवलं होतं. सासूबाई वरकुट्याच्या आपल्या बहिणीला घेऊन आल्या. आबा आले नाहीत.

पडदा उघडला तेव्हा मुली मुखवटे घालून उभ्या होत्या. सिनेमातलं संगीत लागलं. नायिका विंगेत आपल्या प्रवेशाची वाट बघत होती. ठरल्याप्रमाणे मुली पुढं आल्या, मुखवटे काढले, स्टेजच्या कडेला ओळीनं ठेवले आणि मागं जाऊन उभ्या राहिल्या. घामेजलेले, घाबरलेले, आमचे आमचे चेहरे. मी आवाजवाल्याला हात केला, संगीत थांबलं. मग आत वळून बाईंना हात दिला. बाई लंगडत आल्या. काठी, आडवी चिरी, मोरपंखी नऊवारी. समोर कुणीतरी ओरडलं, "खुनी आली!" आणि हशा पिकला.

बाई खुर्चीत बसल्या. हशा सरेपर्यंत थांबल्या. माईक हातात घेऊन म्हणाल्या, "व्हय. मीच ती. नीट बघून घ्या. हिच्या पायात चाळ मी बांधलं." त्यांनी काठी माझ्याकडं केली. "आणि ह्या पोरींच्या पायात हिनं बांधलं. गळा कुणाचा धरला न्हाय. ज्याला खोटं वाटतं त्यानं वर यावं, माझ्या एका तरी पोरीला इचारावं."

कुणी वर आलं नाही.

"हिचं पाय बघितलं टीव्हीत. आता तोंड बी बघा," बाई म्हणाल्या आणि काठीनं ठेका धरला.

आमचा ढोलकीवाला विंगेत तयार होता. मी नाचले. त्या दिवशी मी किती चांगली नाचले ते मला सांगता येणार नाही; एका ठिकाणी पदर अडकला हे आठवतं. पण नजर खाली नेली नाही. समोरच्या एकेका ओळीकडं बघून नाचले, जे हसले होते त्यांच्याकडं जरा जास्तच. मागं मुलींचे पाय एकत्र पडत होते आणि बाई अधूनमधून "हां!" म्हणत होत्या. ते "हां" मिळवायला मी कॉलेजची कितीतरी वर्षं घालवली होती.

टाळ्या वाजल्या, शिट्ट्याही. काहीजण आधीच उठून गेले होते, तेही सांगायला हवं.

दिग्दर्शक विंगेत लालबुंद होऊन उभा होता. "तुम्ही आमचा कार्यक्रम पळवलात."

"तुम्ही आमच्या बाई पळवल्या होत्या," मी म्हटलं. "आम्ही परत घ्यायला आलो."

"ती गोष्ट होती हो. काल्पनिक!"

"मग काठी, डबा, चिरी तेवढी खरी कशाला घेतली?"

तो काहीतरी कराराचं बोलत राहिला. मी मुलींचे चाळ सोडायला खाली बसले. नायिका मात्र बाईंजवळ आली, वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "बाई, गिरकी घेताना चक्कर येऊ नये म्हणून काय करायचं?"

"आता इचारतीस?" बाई म्हणाल्या. पण तिचा हात धरून बसवलं आणि नजर कुठं ठेवायची ते सांगितलंच. मला तेव्हा राग आला होता. बाईंना शिकवल्याशिवाय राहवत नाही, त्याला मी काय करणार.

दुसरा भाग निघाला, आम्हाला कुणी बोलावलं नाही. मी तो पाहिलाही नाही. गेलेल्या मुलींपैकी काही परतल्या, काही नाही. एकीला तिच्या वडिलांनी कराटेला घातलं. रस्त्यात भेटली की ती अजून माझ्याकडं बघून हळूच कंबरेवर हात ठेवते. आबा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता बोलतात, उसाचं, पाण्याचं, नातवंडांचं. क्लासचा विषय निघाला की उठून जातात. मीही विषय काढायचं थांबवत नाही. तेही हट्टी, मीही.

बाई आता गुरुवारी बारामतीला येतात. जिना चढायला वेळ लागतो, पण हात दिलेला चालत नाही.

यंदा मी क्लासबाहेर पाटी लावायची ठरवली. जागेचे मालक म्हणाले, "ताई, नुसतं 'नृत्यवर्ग' लिहा की. रस्त्यावर बरं दिसतंय." रंगारी शिडीवर चढून माझ्याकडं बघत थांबला होता. मी त्याला म्हटलं, "लावणी लिही. आणि अक्षर मोठं काढ, एष्टीतून दिसलं पाहिजे."