आमचा घर पडला

“आमचा घर पडला, गुरुजी.”

आश्रमशाळेत, पाचवीच्या वर्गाच्या दारात मी उभी होते. हातात ओली पिशवी. सुट्टी संपून गेल्यावर उशिरा परतले म्हणून गुरुजींनी कारण विचारलं आणि मी सांगितलं. वादळात आमचं मोखाड्याकडचं कुडाचं घर आडवं झालं होतं. बाप खाली सापडला होता, त्याचा पाय मोडला होता. मला एवढं सगळं सांगायचं होतं. पहिल्याच वाक्याला गुरुजींनी हात वर केला.

“घर पडला? घर काय पुरुष आहे का? घर पडलं. म्हण.”

मी म्हणाले, “घर पडला.”

वर्ग हसला. आत माझ्याच पाड्यावरची पोरं होती. त्यांच्या घरीही सगळं ‘पडला’च असायचं. तीच सगळ्यात जोरात हसली, कारण हसणाऱ्याला फळ्यापाशी उभं करत नाहीत. मला केलं. नीट म्हणेपर्यंत सोडलं नाही. शेवटी एकदाची जीभ वळली. “घर पडलं.”

“शाब्बास. बस जागेवर.”

घर कसं पडलं, ते कुणी विचारलं नाही. बापाच्या पायाचं सांगायचं राहूनच गेलं.

त्या दिवसापासून तोंड उघडण्याआधी मी शब्द चाचपते. तो, ती की ते. उत्तर येत असूनही तोंडी परीक्षेत मी मुकी. तशीच रेटत बारावी झाले. आता जव्हारला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. पाड्यांवरून पेशंट येतात, त्यांचं दुखणं मी डॉक्टरांना शुद्ध करून सांगते. माझं बोलणं इतकं साफ झालंय की लोक विचारतात, “तुम्ही पुण्याकडच्या का?” पूर्वी बरं वाटायचं. आता संताप येतो.

माझी पोर रोशनी चौथीत आहे. तिसरीपर्यंत गावी माझ्या आईजवळ होती, म्हणून बोली गावची. यंदा तिला जव्हारच्या शाळेत घातलं आणि पोटदुखी सुरू झाली. परीक्षेच्या सकाळी नेमकी. “आये, माला नाय जायचा.” मग ओकारी. डॉक्टरांनी तपासलं. “पोटात काही नाही. परीक्षेची धास्ती आहे. घरी खेळीमेळीत सराव घ्या.”

घेतला. हळू श्वास घे म्हटलं. गुण कमी पडले तरी आई रागावणार नाही, असं शपथेवर सांगितलं. ती शहाण्यासारखी मान हलवायची आणि परीक्षेच्या सकाळी पुन्हा मोरीत ओणवी.

एका रविवारी तिला म्हटलं, “आज तू बाई हो, मी पोर. घे माझी तोंडी.” पोर खूश झाली. खांद्यावर माझी ओढणी घेतली, हातात लाटणं. मी तिचीच मस्करी करत, पोट धरून म्हणाले, “बाई, माजा पोट दुखतो. जाऊ?”

रोशनीचा चेहराच बदलला. लाटणं माझ्यावर रोखून ती म्हणाली, “पोट दुखतो? पोट दुखतं. आधी नीट बोल, मग संडासला जा.”

मी हसायला गेले. हसू आलं नाही.

“रोशनी, असं कोण म्हणतं?”

“बाई.”

“मग तू काय केलंस?”

“माला तसा बोलाय येत नव्हता. मंग तिथंच झाला.”

वर्गात. तोंडीच्या रांगेत. सगळ्यांसमोर. इतके महिने पोरीने ते पोटात ठेवलं होतं आणि मी तिला श्वास घ्यायला शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. बाईंनी खुर्ची दिली. गोड बोलल्या. “अहो ताई, तिच्या भल्यासाठीच. तुम्ही स्वतः इतकं शुद्ध बोलता, मग घरी का शिकवत नाही? तोंडीचे गुण जातात तिचे.”

जातात, हे खरंच होतं. ही भाषा नसती तर दवाखान्यात मला कुणी उभं केलं नसतं. शिकवावी तर पोर माझ्यासारखी चाचपत जगणार. न शिकवावी तर दारातच अडणार. दोन्हीकडून कोंडी. आणि तिथे खुर्चीवर बसूनही मी मनात वाक्य जुळवत होते. पोट, ते पोट, दुखत होतं. माझी मला किळस आली. पोरीच्या अपमानाचं बोलायला आले होते आणि शब्दांचं लिंग तपासत बसले होते.

सोडून दिलं सगळं.

“बाई, माज्या पोरीचा पोट दुखत होता. तिनी सांगितला. तुमाला समजला. तरी तुमी सोडला नाय.”

बाई पुढे झुकल्या. “तुम्ही असं काय बोलताय?”

“आमी असाच बोलतो.”

“मग तिला गावाकडच्या शाळेत घाला. तिथे तिच्यासारखीच मुलं असतात. सोपं जाईल तिला.”

“नाय. ती इथंच बसंल. तुमची मराठी शिकवा, ती शिकंल. पण पोट दुखतो म्हणाली का आधी सोडायचा. मंग सुधारायचा.”

रोशनीचं पोट अजून दुखतं. बरं झालं, असं मी खोटं सांगणार नाही. परवाच्या तोंडीच्या सकाळीही ती ओकली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वर्गाबाहेर, तिला दिसेन अशी उभी राहिले. शिपाई म्हणाला, “ताई, फाटकापाशी थांबा.” मी हलले नाही. आतून तिचा आवाज आला, बारीक, पण आला. “बाई, पोट दुखतो. जाऊ?” पोरं हसली. बाईंनी दाराकडे पाहिलं. तिथे मी होते.

“जा,” बाई म्हणाल्या.

दर तोंडीला मी त्या दारात उभी राहणार आहे. पगार कापला जाऊ दे, शाळेने नोटीस देऊ दे. पोर ओकली तरी तिला आत पाठवणार आहे, आणि मी दारातून हलणार नाही.

आणि गुरुजी, तुम्ही जिथे असाल तिथे ऐका. आमचा घर पडला. त्याच्याखाली बापाचा पाय मोडला, बाप अजून लंगडतो. हा वाक्य मी सुधारणार नाही.