अब्राहाममामांचं एक मिनिट

आमच्या फिजिक्स विभागात प्रामाणिक म्हणावा असा एकच माणूस आहे, आणि तो दहावी पास आहे. अब्राहाममामा, लॅब अटेंडंट. केडगावहून सायकलवर येतात, रविवारी चर्चला जातात आणि गॅमा किरणं मोजायच्या यंत्रावर पोटच्या पोरासारखी माया करतात. बाकी आम्ही सगळे पीएच.डी. आहोत. आमचं काय सांगायचं!

ते यंत्र आलं मार्च २००४ मध्ये. सोबत शिशाच्या डबीत बटणाएवढी कोबाल्टची चकती. तिच्यातून किरणं निघतात, आणि एका मिनिटात किती आली ते यंत्र मोजतं. पहिल्या दिवशी आकडा आला अठ्ठेचाळीसशे. कोबाल्टचा जोर दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. हे आम्ही फळ्यावर शिकवतो, मामांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. दर मार्चमध्ये परीक्षेच्या दिवशी ते एक मिनिट मोजतात, दोनशे पानी वहीत आकडा लिहितात आणि शेजारी एका प्राध्यापकाची सही घेतात. गेली बारा वर्षं माझी. "साक्षीला असू द्या, सर." चोवीसशे, बाराशे, सहाशे असा तो आकडा उतरत आलाय.

पोरांना कोबाल्टशी काही देणंघेणं नाही. २००४ सालचं कुणाचं तरी जर्नल कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पडून आहे. एकवीस वर्षं सगळे तेच उतरवतात. अठ्ठेचाळीसशे! आणि आम्ही लाल पेनाने बरोबरची खूण करतो. आम्हाला कळत नाही असं थोडंच आहे? किळस येते, तरी खूण करतोच.

मार्च २०२५ ची परीक्षा. सुकन्या पाथर्डीकडची, आईबाप ऊसतोडीला जाणारे. तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळणार की नाही, हे या प्रॅक्टिकलच्या वीस गुणांवर अडलं होतं. झेरॉक्स तिच्याकडेही होती. यंत्रावर भलताच आकडा दिसला तशी ती गोंधळली.

"मामा, कोणता लिहू?"

"मशीन सांगतंय त्योच लिव, पोरी. मशीनला खोटं बोलता येत न्हाई."

तिने लिहिलं, तीनशे दोन.

बाहेरून आलेले परीक्षक विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये मिसळ खात होते. लॅबमध्ये त्यांनी पाऊलही टाकलं नाही. तर्री लागलेल्या बोटांनी त्यांनी पंचवीस उत्तरपत्रिका तिथेच उलटल्या. चोवीस ठिकाणी अठ्ठेचाळीसशे, एका ठिकाणी तीनशे दोन.

"हिला प्रयोग जमलेला नाही," ते म्हणाले, आणि वीसपैकी सात गुण टाकले.

मामा पाण्याचा जग घेऊन दारात उभे होते. "सायेब, एक मिनिट चला. सोता बटन दाबून बगा. एकवीस वर्सात चार येळा निम्मं झालंय ते."

"अहो, मशीन बिघडलं असेल तुमचं," परीक्षक हसले. विभागप्रमुखही हसले आणि त्यांनी आणखी पाव मागवले.

टेबलाशी बसलेल्या माझ्याकडे मामा बघत राहिले. त्यांच्या वहीत माझ्या बारा सह्या होत्या. मुलीचं बरोबर आहे, एवढे तीन शब्द मला बोलायचे होते. पण मग चोवीस जणांचं खोटं ठरलं असतं, चौकशी लागली असती, आणि ती चोवीस जर्नलं मीच तपासली होती. मी मान खाली घालून गुणपत्रिकेवर सही केली. सुकन्याला सात, बाकीच्यांना अठरा-एकोणीस. आजही ते आठवलं की तोंड कडू होतं. थुंकावंसं वाटतं, पण थुंकायचं कुणावर, तर माझ्यावरच.

परीक्षक गेल्यावर मी लॅबमध्ये गेलो. सुकन्या स्टुलावर बसली होती. गुण तिला कळले होते. ती रडत नव्हती, माझ्याकडे बघतही नव्हती.

मामांनी चकती जागेवर ठेवली आणि बटण दाबलं. एक मिनिट आम्ही तिघं वाढत्या आकड्याकडे बघत होतो. आकडा थांबला, दोनशे अठ्ठ्याण्णव; दोन-चारचा फरक दर मोजणीत पडतोच. मामांनी तारीख घालून तो वहीत लिहिला. दरवर्षीच्या सवयीने मी खिशातलं पेन काढलं.

"ऱ्हाऊ द्या, सर," मामा म्हणाले, आणि त्यांनी वही सुकन्यापुढे सरकवली.