पाव किलो ब्याडगीच्या मॅडम

"गळ्याला हात लावला होता का?"

हा प्रश्न विचारण्याआधी मॅडम चष्मा काढायच्या, तो पदराने पुसायच्या आणि पेन बाजूला ठेवायच्या. बाकीचे सगळे प्रश्न त्या लिहिता लिहिताच विचारायच्या. नाव काय, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती, मारहाण कधीपासून. या प्रश्नाला मात्र पेन खाली. नवख्या माणसाला वाटावं, बाई घशाच्या डॉक्टर आहेत.

डॉक्टर नव्हत्या. सरकारी संरक्षण अधिकारी होत्या. घरात मार खाणाऱ्या बायकांचा जीव वाचावा म्हणून सरकारने एक कायदा केला, त्या कायद्याला हातपाय असावेत म्हणून एक पद काढलं, आणि त्या पदाला गाडी द्यायची राहून गेली. त्यामुळे मॅडम बसने फिरायच्या. आमचा भाग त्यांच्याकडे होताच, वर विश्रांतवाडीचा अतिरिक्त कार्यभार. म्हणजे शहराच्या एका टोकाला कोणी बायकोला मारलं की मॅडम दुसऱ्या टोकाच्या बसस्टॉपवर. पिशवीत फॉर्मचा गठ्ठा, शिक्क्याची डबी आणि सुतळीने पिशवीच्या बंदालाच बांधलेला स्टेपलर. "ऑफिसात वस्तूंना पाय फुटतात," असं त्या म्हणायच्या.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच झाल्या आहेत.

मी मार्केट यार्डात मिरचीचा घाऊक व्यापारी. याच बाजारात वीस वर्षांचा असताना पाठीवर पोती वाहिली, आज त्याच बाजारात माझा गाळा आहे. एक दिवस ही ठेंगणी बाई छत्री टेकवत गाळ्यात आली.

"पाव किलो ब्याडगी द्या."

"बाई, इथं पोतं मिळतं."

"मग पोतं उघडा."

मी भडकलो. घाऊक बाजार म्हणजे काय, इथपासून सुरुवात करून मी त्यांना बरंच काही सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? आता द्या. देठ काढलेली द्या." माझ्या गाळ्यात एवढा वेळ माझ्यासमोर टिकलेलं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. पोतं उघडलं. पुढे दर महिन्याला उघडत राहिलो.

आता माझ्याविषयी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय मॅडम कळायच्या नाहीत. बाजारात मला सौदा जुळवणारा म्हणून मान आहे. नुसता मिरचीचा नाही. भागीदार भांडले, भावाभावांची वाटणी अडली, नवराबायकोचं बिनसलं, की लोक माझ्या गाळ्यात यायचे. मी चहा मागवायचो, दोन्ही बाजूंना समोरासमोर पोत्यांवर बसवायचो आणि सांगायचो, "दोघांनी एकेक पाऊल मागं घ्या." शेवटी दोघांचे हात एकाच पोत्यावर ठेवायचे, वर माझा हात. झाला सौदा. त्या पोत्यावर ठेवलेला हात कोणी फिरवला नाही, याचा मला गर्व होता.

कमल माझ्याकडे मिरचीचे देठ खुडायला होती. नवरा टेम्पो चालवायचा आणि संशय घ्यायचा. पहिल्यांदा ती सुजलेला डोळा घेऊन आली. मी दोघांना बसवलं. त्याने दारू सोडायची, तिने उलट बोलायचं नाही. पोत्यावर हात. मीच तिला माझ्या स्कूटरवरून घरी पोहोचवलं. दुसऱ्यांदा हात फ्रॅक्चर. पुन्हा बसवलं, पुन्हा एकेक पाऊल, पुन्हा पोतं, पुन्हा स्कूटर.

तिसऱ्या वेळी ती कामावर आली ती आवाज बसलेला घेऊन. तुम्ही कधी मिरचीच्या गाळ्यात उभे राहिला असाल तर मला दोष देणार नाही. तिथे प्रत्येकाचा आवाज बसलेला असतो. माझाच निम्मा गेलेला आहे. बायका तोंडानाकावरून गळ्यापर्यंत ओढणी गुंडाळून बसतात, दिवसभर ठसके चाललेले असतात. कमल घोगऱ्या आवाजात म्हणाली, "शेट, रात्री लई झालं." मी तिला गुळाचा खडा दिला आणि सांगितलं, "संध्याकाळी बोलावतो त्याला. मिटवून टाकू."

नेमक्या त्याच दुपारी पाव किलो ब्याडगी आली. म्हणजे मॅडम. पुडी बांधून होईतो त्या आतल्या बायकांची चौकशी करत होत्या. कमलने घोगऱ्या आवाजात मागच्या दोन वेळचं सांगितलं. मॅडम थांबल्या. चष्मा काढला, पुसला.

"गळ्याला हात लावला होता का?"

कमल माझ्याकडे बघायला लागली.

"त्यांच्याकडे नको बघूस. गळा त्यांचा नाहीये."

"मॅडम, मिरची आहे ती," मी म्हणालो. "इथं सगळ्यांचा आवाज असाच असतो."

"असेल. गिळताना दुखतं का गं?"

कमलने मान हलवली.

"डोळ्यापुढे अंधारी आली होती?"

"व्हय. मंग काय झालं ठावं न्हाय."

"ओढणी सोड."

तिने सोडली. मी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. सकाळपासून ती माझ्या समोर बसली होती.

मॅडम तिची चप्पल शोधायला लागल्या. मी म्हणालो, "थांबा. संध्याकाळी तो यायचा आहे. आमची बैठक ठरलीय. आजवर माझा सौदा मोडला नाही."

"शेठ, सौद्यात दोघांकडेही देण्यासारखं काहीतरी असतं. हिने आधी बोलणं दिलं, मग हात दिला. आता हिच्याकडे द्यायला एकच गोष्ट उरलीय."

"माझ्या गाळ्यात येऊन मला शिकवता?"

"शिकवत नाही. लिहून घेते. एक रिक्षा बोलवा, तेवढं करा."

मी रागाने एवढ्या जोरात हाक मारली की दोन रिक्षा आल्या. एकीत बसून दोघी सरकारी दवाखान्यात गेल्या. दुसरीवाल्याशी मी भांडलो.

संध्याकाळी नवरा ठरल्या वेळी हजर. इस्त्रीचा शर्ट, शुद्धीवर, हातात पेढ्यांचा बॉक्स. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, बघा, माणूस सुधारतोय आणि बाई उगाच दवाखाने दाखवत फिरतेय.

"बोलवा तिला," तो म्हणाला.

"ती नाही. सरकारी मॅडम घेऊन गेल्या."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पेढे जमिनीवर पडलेले आठवतात. त्याचे दोन्ही अंगठे आठवतात. माणसाला वाटतं की आपण ओरडू. नाही ओरडता येत. मी, ज्याचा उरलेला निम्मा आवाजही बाजाराच्या फाटकापर्यंत जातो, त्या माझ्या तोंडून चिमणीएवढा आवाज निघाला नाही. चार हमालांनी त्याला ओढून काढला. तो ओरडत होता, "आज तिला सोडणार नव्हतो!"

पोलिसांनी त्याला नेलं. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. मी गाळ्यात मफलर गुंडाळून बसलो होतो. त्यांनी मला नीट न्याहाळलं. चष्मा काढला, पदराने पुसला.

खरं सांगतो, त्यांनी तो प्रश्न जर हसत विचारला असता तर मी त्यांना पुन्हा गाळ्यात पाऊल ठेवू दिलं नसतं. त्या हसल्या नाहीत. कमलला विचारला तसाच विचारला. मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "मिरची आहे ती." तेव्हा मात्र हसल्या.

कमलच्या गळ्याला आतून सूज होती. आणखी थोडा दाब पडता तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. ती बायकांच्या सरकारी निवाऱ्यात राहिली, कोर्टाने नवऱ्याला तिच्या जवळपास फिरकायला बंदी केली. हे सगळं चांगलंच झालं. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती आजही कायम आहे.

कोर्टाला जो अहवाल गेला त्यात मॅडमनी माझं नाव घातलं. "यापूर्वी दोनदा समेट घडवून पीडितेला परत पाठवले." पुढे माझं पूर्ण नाव, गाळा क्रमांकासकट. जबाबावर सही करायला गेलो तेव्हा मी ते वाचलं आणि सौद्याला बसलो.

"मॅडम, 'मिटवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला' असं लिहा."

"प्रामाणिक शब्दाला फॉर्ममध्ये जागा नाही."

"बरं, 'मदत केली'."

"केली असतीत तर लिहिलं असतं."

"दोनदाऐवजी एकदा करा. पहिल्या वेळी ती स्वतःच गेली होती."

"कोणाच्या स्कूटरवरून?"

मी टेबलावर हात आपटला. "मी तुम्हाला घाऊक बाजारात पाव किलो मिरची देतो!"

"आणि मी दर महिन्याला घेते. सही इथे करा."

सही करताना मी विचारलं, माझं नाव खोडून तुमचं काय बिघडतं? त्या म्हणाल्या, "बाई मेली की सगळे विचारतात, आधी कोणाला माहीत होतं? मी बाई जिवंत असताना लिहून ठेवते."

त्यानंतरही त्या येत राहिल्या. एकदा बाजारात महिलांच्या मदतीचा बोर्ड लावायचा म्हणून माझ्या गाळ्याबाहेरची भिंत मागितली. मी म्हणालो, बोर्ड लावा, माझं नाव खोडा. बोर्ड लागला. नाव राहिलं. या बाईशी मी केलेला प्रत्येक सौदा असाच झाला आहे.

मग त्यांची बदली झाली, लांबच्या जिल्ह्यात. शेवटच्या दिवशी अर्धा किलो घेतली. "तिकडे तुमच्यासारखं भांडून कोण देणार?" म्हणाल्या आणि छत्री टेकवत निघून गेल्या. सुतळीचा स्टेपलर पिशवीबाहेर लोंबत होता. मी नावाबद्दल विचारायला विसरलो.

कमल आता बिबवेवाडीत एका पाळणाघरात स्वयंपाक करते. मसाल्याची मिरची माझ्याकडूनच नेते. आवाज तिचा पूर्वीसारखा झाला नाही. माझा झाला, असं हमाल म्हणतात आणि कपाळाला हात लावतात.

गेल्या महिन्यात ओळखीचे एक कांदा व्यापारी आपल्या मुलाला आणि सुनेला घेऊन आले. "दोघांना जरा समजवा. घरातलं घरात मिटू दे." मी चहा मागवला. पोती पुढे ओढली. एकेक पाऊल मागं, हे शब्द तोंडात आलेच होते. सुनेने चहाचा घोट घेतला आणि गिळताना डोळे मिटले. ती काही मिरचीच्या गाळ्यात काम करत नव्हती.

मी बापलेकांना बाहेर बसवलं. मला चष्मा आहे, पण पदर नाही. सदऱ्याने पुसला.

तिने उत्तर दिल्यावर बोर्डावरचा नंबर लावला. मॅडमच्या जागी आता एक तरुण मुलगी आहे. तिलाही गाडी नाही, तीही बसनेच आली. त्याच पोत्यावर बसून तिने तोच फॉर्म भरला. "यापूर्वी कोणी समेट घडवला होता का?" तिने विचारलं आणि माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणालो. "कोणीच नाही."

सुनेनेही मानेने नाही म्हटलं आणि त्या मुलीने तिथे आडवी रेघ मारली. मी फॉर्म मागून घेतला आणि ती रेघ चांगली डोळ्याजवळ धरून पाहिली. कोणाला तरी दाखवायला हवी होती.