लच्छू डायवरच्या सपरीचा पडदा

लच्छूभाऊ पोटावी यांनी एसटीची सगळी नोकरी स्टेअरिंगमागे काढली, पण गडचिरोलीच्या आगारात त्यांचं नाव गाडी हाकण्यासाठी नव्हतं. नाव होतं नकलांसाठी. एटापल्लीच्या रस्त्यावर एखादी बाई कोंबडीची टोपली खाली विसरून चढली, की पुढच्या थांब्यापर्यंत लच्छूभाऊंच्या तोंडून तीच बाई बोलायला लागायची. "थांब नं गा डायवर! मी चढली, माही कोंबडी खालीच राह्यली! तिचं तिकीट तुया बाप काढन का?" मागची सगळी गाडी हसायची, आणि ती बाई सगळ्यात जास्त. तपासणीचे एक साहेब नाकातून बोलत. लच्छूभाऊंनी त्यांची नक्कल इतकी घोटली होती, की एकदा डेपोतला शिपाई नुसता आवाज ऐकून बिडी विझवून उभा राहिला.

पण त्यांची सगळ्यात आवडती नक्कल होती बुधूची, त्यांच्याच कंडक्टरची. त्याला बेल मारायची सवय होती दोनदा, आणि वर ओरडायची: "चाला, मांगं सरका, मांगं सरका! मांगं का वाघ बसला हाये?" लच्छूभाऊ समोर बघत, गिअर टाकत, अगदी तेच, त्याच चिरक्या गळ्यानं म्हणायचे. मग बुधू चिडायचा आणि लच्छूभाऊंची नक्कल करायला जायचा. ती काही त्याला जमायची नाही. "तू राहू दे गा बुधू," लच्छूभाऊ म्हणायचे, "तुया गळा भगवानानं तिकिटा फाडाले देल्ला हाये."

रिटायर झाल्यावर थोड्याच दिवसांत लच्छूभाऊंना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागला आणि जीभ तोंडात ओल्या घोंगड्यासारखी पडून राहिली. पाणी मागायचं तर "प... प्पा..." इथंच गाडी बंद. त्यांचं बोलणं कळायचं ते एका नीलाबाईंना, त्यांच्या बायकोला. कान मात्र पहिल्यासारखेच तेज होते.

घर चामोर्शीच्या रस्त्यावर, गाव संपतं तिथं. पुढं पश्चिमेला तोंड करून सपरी, म्हणजे ओसरी म्हणा, सिमेंटचे दोन खांब आणि वर पत्रा. तिथं लच्छूभाऊंची खाट. सकाळ-संध्याकाळ रस्त्यानं जाणारं माणूस मान वळवल्याशिवाय पुढं जायचं नाही. "जोहार लच्छूभाऊ!" "काय मंता डायवरसाहेब, गाडी टायमावर हाये नं?" लच्छूभाऊ डावा हात उचलायचे. बुधूचं घर पुढच्याच टोलीत, म्हणजे वस्तीत. तो रोज सकाळी बाजाराला जाताना पायरीवर टेकायचा, पानाची पुडी सोडायचा आणि गावभरचं सांगायचा. लच्छूभाऊही काहीतरी सांगायचे. बुधू म्हणायचा, "हो गा, हो गा, बरोबर हाये."

एवढंच त्यांचं जगणं उरलं होतं, पण तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

अडचण झाली उन्हाची. मागच्या मे महिन्यात दुपारी सपरीत बसल्या बसल्या त्यांना ऊन लागलं. डोळे पांढरे झाले, सरकारी दवाखान्यात सलाईन लावावी लागली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. पुण्याला असलेल्या लेकीनं, दिव्यानं, मागच्या खोलीत एसी बसवून दिला आणि फोनवर फर्मान काढलं: "आई, बाबांना आता आतच ठेवायचं. प्लीज, ऐक ना माझं. सपरी बंद म्हणजे बंद."

"पोट्टी पुन्याले गेली अन् बातम्या देल्यावानी बोलाले लागली," नीलाबाई म्हणाल्या, पण ऐकलं. लच्छूभाऊंना आत नेलं. त्या खोलीला रस्त्याकडं खिडकी नव्हती. आवाज एकच, एसीचा, हूंऽऽ हूंऽऽ, एखाद्या न बोलणाऱ्या माणसानं दिवसभर हुंकार भरावा तसा. लच्छूभाऊंनी भिंतीकडं तोंड केलं आणि जेवण सोडलं. चौथ्या दिवशी नीलाबाईंनीच लेकीला सांगितलं, "हे मानूस त्या खोलीत जगत नाई वो दिव्या. सपरीतच काई तरी कर. नाई झालं तर मंग नेतोच आत, कायमचे."

म्हणून यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला चंद्रपूरहून पडदे बसवणारा प्रफुल आला, लांबच्या लांब खोकं गाडीवर बांधून. सपरीला बाहेरून लावायचा रोलर पडदा. हा प्रफुल बोलायचा हिंदी, मराठी आणि मोबाईलची जाहिरात एकत्र कालवून.

"काकू, टेन्शन नाई घ्याचं. ये अपना गॅरंटीवाला माल हाये. वर पेटी, पेटीत गुंडाळी, दोन बाजूले रूळ. हँडल फिरवलं का पडदा खाली, उलटं फिरवलं का वर. जाळीचं कापड हाये, ऊन रोकते, हवा सोडते. अन् मेन बात सांगतो काका, आतून सगळं दिसते, भाईरून काईच नाई. फुल प्रायव्हसी!"

लच्छूभाऊंनी "आतून सगळं दिसते" एवढंच कानात घेतलं आणि डावा हात उचलून पसंती दिली.

प्रफुलनं ड्रिल लावलं. घर्रर्र. उजवा खांब गवंड्यानं तिरपा बांधला होता. रूळ सरळ बसेना. प्रफुलनं पाचर ठोकली, ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं, स्वतःलाच "परफेक्ट" म्हटलं. निघताना बजावून गेला, "दुपारी सोडाचा, संध्याकाळी गुंडाळाचा. अन् झाडूनं झटकत जा काकू, तुमच्या रोडले धूळ लय हाये."

धूळ होतीच. पहाडाकडून खनिजाचे ट्रक रात्रंदिवस यायचे, आणि रस्त्याकडेचं पान न् पान कुंकू उधळल्यासारखं लाल व्हायचं.

पहिले काही दिवस पडद्यानं कमाल केली. दुपारी पडदा पडला की सपरीत संध्याकाळ व्हायची. बाहेर रस्ता तापून थरथरत असे आणि लच्छूभाऊ आतून सगळा रस्ता बघत पडायचे. ऊन उतरलं की नीलाबाई हँडल फिरवायच्या, पडदा कुर्रकुर्र करत वर जायचा आणि रस्त्यावरून पहिली हाक यायची, "जोहार भाऊ! झाली का झोप?"

मग नीलाबाईंनी जे केलं ते या मुलखातल्या कोणत्याही बाईनं केलं असतं. इथं उन्हाळ्यात दाराला वाळ्याची ताटी लावतात आणि दुपारी तिच्यावर पाणी मारतात. गार वारा येतो, वास सुटतो. दाराला काही टांगलं आणि त्यावर पाणी मारलं नाही, असं नीलाबाईंच्या हातून जन्मात झालं नव्हतं. त्यांनी बादली भरली आणि पडद्यावर मारली. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन बादल्या मारल्या. जाळीतल्या लाल धुळीचा चिखल झाला, रुळात उतरला, आणि उन्हानं तिथंच भाजून निघाला. एके संध्याकाळी हँडल फिरवलं तर वर पेटीत कडाककन आवाज झाला. पडदा हललाच नाही.

प्रफुल फोनवर किंचाळला. "पानी मारलं? अवो काकू, तो पडदा हाये, धान नाई हाये! जबरदस्ती नका करू, गिअर तुटन. मी येतो. आठ दिवसात येतो."

आठ दिवसांचे किती दिवस झाले, ते मोजण्यात अर्थ नाही. लग्नसराई होती, चंद्रपूरचा पारा वर होता, प्रफुलला सगळीकडून बोलावणी होती. पडदा चोवीस तास पडलेलाच राहिला, नीलाबाईंची ये-जा मागच्या दारानं सुरू झाली, आणि चिखलानं त्यातून दिसायचंही धुरकट.

आता इथली रीत अशी, की सपरीला ताटी पडलेली असली म्हणजे घर निजलं. निजलेल्या घराला हाक मारायची नाही. पोरंसुद्धा चेंडू गेला तर मुकाट उचलून नेतात. त्यामुळे सकाळी माणसं यायची, पडदा बघायची, आवाज खाली करायची आणि पुढं जायची. लच्छूभाऊ आत जागे असायचे. पावलं ओळखायचे. हा लंगडा ठोका म्हणजे पवन गुरुजी. ही फटफट म्हणजे दूधवाला. एकदा शाळेत जाणाऱ्या पोरींचा आवाज आला तेव्हा त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावून "जो... ज्जो..." केलं. बाहेर पावलं थांबली.

"अवो काकू!" पोरगी ओरडली, "तुमचं वासरू सुटलं का वो?"

आणि पोरी खिदळत पळाल्या. नीलाबाई चुलीपाशी हसल्या. नंतर पदर तोंडाला लावून बराच वेळ तिथंच बसून राहिल्या.

"कापून टाकू का विळ्यानं?" त्यांनी विचारलं. लच्छूभाऊंनी नाही म्हणून मान हलवली. दुपारी ऊन होतंच. पडदा गेला तर मागची खोली होती.

बुधू मात्र थांबेल, असं त्यांना वाटायचं. रीत असली तरी थांबेल. पडद्याच्या कडेनं बोट घालून म्हणेल, "काऊन गा, मेला का जित्ता हायेस?"

एके सकाळी खरंच पायरीवर कोणी टेकलं. सकाळी घराची सावली रस्त्यापर्यंत जाते, तिथं बसायला बरं असतं. पानाची पुडी सुटल्याचा आवाज आला. बुधूच. सोबत सुकलू, डेपोतला जुना मेकॅनिक. दोघांना बस धरायची होती. त्यांच्या पाठी पडद्याला लागल्या होत्या. लच्छूभाऊंची खाट हातभर आत होती. त्यांनी डावा हात पुढं केला, पडद्याला लावणार तेवढ्यात सुकलू बोलला.

"लच्छू कुठी हाये?"

"आत. एसीत झोपून राह्यला. पोरीनं लावून देल्ला नं."

"हाक तं मार."

"ताटी पडली हाये नं गा. झोपल्याले काऊन उठवाचं?" बुधूनं पान तोंडात टाकलं. "खरं सांगू का सुकलू? बरंच झालं."

"काऊन?"

"रोज थांबा लागे. थांबलं का त्याचं सुरू होये." आणि बुधूनं करून दाखवलं. "भ... ब्भु... ध्धू... य्ये... ज्जा..."

सुकलू फसकन हसला. "हुबेहूब गा!"

आत लच्छूभाऊंचा हात हवेतच राहिला. जबडा एका अंगानं ओढला जातो तो ओढा, मध्येच अडकणारा श्वास, शब्दाआधी घशात होणारी खटपट, सगळं होतं. चूक काढायला जागा नव्हती. इतक्या वर्षांत बुधूला एकही नक्कल जमली नव्हती. ही जमली होती.

"हासू नको रे," बुधू म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मले त्यातलं काईच समजत नाई. मी आपला हो गा, हो गा करतो. एका दिवशी त्यानं काय सांगतलं काय मालूम, मले वाटलं काई गमतीचं असन, म्हणून मी हासलो. अन् पाह्यतो तं तो रडून राह्यला."

"मंग?"

"मंग का? घरी गेलो. जेवलो नाई. बायको म्हणे काय झालं, काय सांगू तिले? मले नाई पाहावत रे तो. तो माह्याकडं पाह्यते नं, तं वाटते, मी त्याले फसवून राह्यलो. आता पडदा हाये. जाता येते सरळ."

त्या दिवशी काय सांगितलं होतं, ते लच्छूभाऊंना आठवत होतं. त्यांनी बुधूला एवढंच सांगितलं होतं, की येत जा.

बस आली. दोघं उठले, धोतर-पँटी झटकल्या. लच्छूभाऊंनी हात हळूच खाटेवर ठेवला.

प्रफुल आला तेव्हा मृग जवळ आला होता, पण ऊन उतरलं नव्हतं. त्यानं ब्रश घेतला, रूळ खरवडले, लाल ढेकळं काढली, कापड साबणानं धुतलं, पेटी खोलून गिअरला तेल दिलं. दिवसभर तोंड चालूच. "काकू, आता याच्यावर पानी मारलं तं मी तुमच्यावर मारन!" संध्याकाळी त्यानं हँडल फिरवलं. कुर्रकुर्र करत पडदा वर गेला आणि सपरीत उजेड आला. रस्ता, पळस, समोरची टपरी, सगळं जागच्या जागी होतं.

"घ्या!" नीलाबाईंचा चेहरा फुलला. "बसा आता रस्त्याकडं तोंड करून. आता पाहा कसे थांबतेत सारे."

लच्छूभाऊ काही वेळ बघत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला आणि खाली आणला.

"काय म्हणते काका?" प्रफुलनं विचारलं.

"पा... प्पाड."

"अवो, ऊन गेलं नं आता."

"पाड."

नीलाबाईंना वाटलं, इतक्या दिवसांनी उजेड डोळ्यांना लागला असेल. त्यांनी प्रफुलला खूण केली. पडदा खाली आला.

तेव्हापासून तो खालीच असतो. नीलाबाई रोज संध्याकाळी विचारतात, लच्छूभाऊ रोज नाही म्हणून मान हलवतात, आणि त्या कारण विचारत नाहीत, कारण ते सांगायला लच्छूभाऊंना किती वेळ लागेल हे त्यांना माहीत आहे. धुतलेल्या जाळीतून आता लख्ख दिसतं. काल सकाळी बुधू आला. पायरीशी जरा घुटमळला. पडद्याकडं बघितलं, सरळ लच्छूभाऊंच्या डोळ्यांत, आणि त्याला काही दिसलं नाही. खाट करकरू नये म्हणून लच्छूभाऊंनी अंग आकसून धरलं. बुधूनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि बाजाराकडं चालू लागला.

"कोण होतं वो?" नीलाबाईंनी आतून विचारलं.

"को... कोणी नाई," लच्छूभाऊ म्हणाले.