बाबाच्या बोटांतला वाळा

करडीच्या तलावावर गळ टाकून आमचा बाबा मंगरू म्हातारा झाला. पण त्याचा खरा थाट बघावा तो घरामागच्या शेणखताच्या ढिगावर. गळासाठी तो तिथे गांडुळं काढायचा. तोंड गप्पांत, बोटं खतात. हाताला वाळा लागला की बोटं आपोआप थांबायची.

वाळा म्हणजे गांडुळाएवढाच साप. काळपट, चकचकीत, जवळजवळ आंधळा. चावायला त्याचं तोंडच पुरत नाही. धरला की शेपटीचं टोक तेवढं टोचतो. गांडूळ चिकट लागतं, वाळा कोरडा. बाबा तो माझ्या तळहातावर ठेवायचा आणि त्या इवल्याशा टोचण्याने मी खिदळत सुटायचे.

"फेका तो. कानात जाते," आई ओरडायची. सगळ्या गावाची हीच समजूत.

"गुणा, तो मुंग्यांची अंडी खाते. तुह्या कानात काय ठेवलं हाय?" म्हणत बाबा त्याला ढिगात सोडून द्यायचा. किती सुखाचे दिवस होते ते. लाखनीला सासरी बसूनही मला कधीकधी त्या खताचा वास येतो.

यंदा माहेरी गेले तेव्हा बाबाला शुगर होऊन बरीच वर्षं झाली होती. बोटं बधीर होतात का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर त्याने 'नाही' म्हणून ठोकून दिलं होतं. बधीर बोटात गळ रुतला तर कळत नाही, जखम चिघळते. खरं सांगितलं की तलाव बंद, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी ढिगाजवळ बसून बाबाने डब्यातून एक गांडूळ उचललं आणि गळाला लावायला घेतलं. तो वाळा होता. शेपटीने अंगठ्याला टोचत होता, आणि बाबा आपला तलावातल्या गाळाबद्दल बोलत होता.

"बाबा, वाळा हाय तो."

त्याने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "आईले सांगू नको," एवढंच म्हणाला.

आई मागेच उभी होती. आता आकाशपाताळ एक करणार, असं मला वाटलं. तिने पदर कानांवरून घट्ट बांधला, वाळा स्वतःच्या हाताने ढिगात सोडला आणि डबा आपल्याकडे ओढला.

"गळाले मी लावून देईन, तुमी फक्त टाकजा. आता हात दाखवा."

डॉक्टरांना बनवणाऱ्या माझ्या बाबाने मुकाट्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले.