कुंदाताईंनी आवाज चढवला नाही

बोरिवलीच्या कुंदा घाडी तशा विसराळू. दूध गॅसवर ठेवून जिना उतरतील, छत्री बोटीत सोडून येतील. पण कांदिवलीच्या विद्याधर कर्णिकांनी लिहिलेली तक्रार त्यांना एकोणीस वर्षं तोंडपाठ आहे : 'बाई फार ओरडतात. सभ्य माणसाशी बोलायची रीत त्यांना नाही.'

तेव्हा ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायच्या आणि कर्णिक शिकाऊ होते. सिग्नलपाशी शहाळ्यांची हातगाडी आडवी आली, कर्णिकांचा पाय ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर पडला, ताई ओरडल्या. शहाळीवाला वाचला आणि ताईंची नोकरी गेली. त्यानंतर त्यांना भरपाई नको होती की माफी. त्याच तोंडून एकदा उलटं ऐकायचं होतं, बस्स.

हल्ली त्या खाडी ओलांडून गोराईला जातात. तिथल्या चिखलाच्या ट्रॅकवर चार फुगीर चाकांच्या, मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या उघड्या गाड्या आहेत. त्या चालवायला शिकवतात. हिरव्या गाडीचं नाव रेडा. रेड्याला क्लच नाही, ॲक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा. टायरांत हवा मुद्दाम कमी, म्हणजे ते गाळावर पसरतात. पोटही जमिनीपासून चांगलं वर. लो गिअर टाकून चारही चाकं जोडली की गुडघाभर चिखलातून मजेत चालत येतो. घाई केली की मात्र बसतो, आणि मग उठत नाही.

गणपतीनंतरच्या रविवारी एका सोसायटीची पिकनिक आली. पुढे चेअरमन, पांढरेशुभ्र बूट घालून. कर्णिकच! ताईंनी ओळखलं, त्यांनी नाही.

"चिखल आला की लो गिअर टाकायचा, साहेब," ताई हळू आवाजात सांगू लागल्या.

"मला नका शिकवू. एकोणीस वर्षं गाडी चालवतोय मी."

"हो, माहितीये," ताई म्हणाल्या. साखर कमी पडेल इतक्या गोड.

पहिल्याच डबक्यात रेडा बसला. कर्णिकांनी अंगठा दाबून धरला. मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा खणू लागली. ढकलायला म्हणून त्यांनी एक पाय खाली टाकला. पाय वर आला, बूट आला नाही. काठावर सगळी सोसायटी मोबाइल काढून उभी.

"अंगठा काढा, साहेब," ताई म्हणाल्या. शेजारी आजारी माणूस झोपलाय असा आवाज.

हेल्मेटमधून काय ऐकू येणार? "काय? काय म्हणताय?"

कर्णिकांच्या मिसेस उत्तराबाई ताईंजवळ आल्या. "अहो, जरा मोठ्याने सांगा ना त्यांना."

"साहेबांना चालत नाही. लेखी दिलंय त्यांनी." आणि ताईंनी ड्रायव्हिंग स्कूलची आठवण देत त्या दोन ओळी म्हणून दाखवल्या.

"हे आमच्या ह्यांचंच मराठी," उत्तराबाई हसू दाबत म्हणाल्या. मग हाताचा कर्णा करून, "अहो, तुम्ही म्हटल्याशिवाय त्या ओरडायच्या नाहीत! ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई आहेत त्या!"

कर्णिकांचा अंगठा आपोआप सुटला. ते ताईंकडे बघत राहिले.

"घाडीबाई?"

"हो."

रेडा आणखी थोडा कलला. कर्णिक काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं, साहेब."

"ओरडा म्हटलं!" शेवटच्या रांगेतल्या पोरांनाही ऐकू गेलं. "ओरडा हो, बाई!"

मग ताई ओरडल्या. एकोणीस वर्षांचं सगळं, तेही मालवणीत. "अरे मेल्या, ब्रेक दाब आधी! आता लो टाक! लो म्हणतंय मी! चार चाकांचा बटण दाब! आता अंगठो हळूच, अंड्यार पाय ठेवल्यासारखो! हँडल हलय, बघतस काय!"

कर्णिकांनी मुकाट्याने सगळं केलं. चारही चाकांनी पकड घेतली आणि रेडा डुलत बाहेर आला. सोसायटीने टाळ्या वाजवल्या, त्या बाईंसाठी.

कर्णिक एका बुटावर लंगडत बोटीकडे गेले. दुसरा अजून गाळात आहे. नेमका कुठे, ते ताईंना ठाऊक आहे. काढत नाहीत.